डोंगरावरच्या झाडोऱ्यात माणसाचा वाटा किती, हे कसं तपासाल

डोंगरावरच्या वनस्पती मोजायला निघालेली मंडळी पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ चढत जातात आणि वर प्रजाती कमी दिसल्या की खापर गुरांवर फोडतात. अहो, उंचीबरोबर थंडी, वारा, माती सगळंच बदलतं! मी उंचीचा एकच पट्टा धरतो आणि आडवा फिरतो. कुंपणाच्या आत आणि बाहेर, पायवाटेलगत आणि तिच्यापासून 20 पावलं लांब, वणवा लागलेला उतार आणि न लागलेला. अशा जोड्या लावताना उताराची दिशा, चढ आणि मातीची खोली सारखी हवी. खोली सळई खुपसूनच बघा, अंदाज नको.

मोजणीसाठी जमिनीवर टाकायची चौकट 1 मीटर बाय 1 मीटरची पुरते. ती कुठे टाकायची हे मात्र स्वतः ठरवू नका, नजर फुलांकडेच धावते. घरूनच चिठ्ठ्या काढून आकडे न्या, तेवढी पावलं चाला आणि पाय थांबेल तिथे चौकट टाका, भले खाली शेण का असेना. मग प्रत्येक प्रजातीनं किती टक्के जमीन झाकली ते लिहा. 10 सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठ्याचा चौकोन जवळ ठेवा. तो म्हणजे बरोबर 1 टक्का. आठवडाभरात नजर बसते.

टक्के कशाला, नुसती यादी का नको? समजा दोन्हीकडे 5 प्रजाती आहेत. एकीकडे झाडोऱ्यात प्रत्येकीचा वाटा 20 टक्के, दुसरीकडे एकीचा 80 आणि बाकीच्यांचा 5-5. सिम्पसनचा निर्देशांक, म्हणजे विविधता मोजणारा आकडा (जितका मोठा तितकी विविधता जास्त), पहिल्या जागेला 0.80 देतो, दुसरीला 0.35. यादी दोन्हीकडे सारखीच!

आणि यादी लांबली म्हणून खूशही होऊ नका. युरोपातल्या 302 शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहणारा अभ्यास 2018 मध्ये आला. शिखरांवर प्रजाती वाढत होत्या, त्याही वाढत्या वेगानं, आणि हा वेग तापमानवाढीशी जुळत होता. म्हणून कोण आलं आणि कोण गेलं, हे वेगळं लिहा. गुरं बसतात तिथे मलमूत्रातून नत्र साठतं, नेटल (अंगाला खाज आणणारी झुडपं) आणि डॉक (रुंद पानांचं तण) माजतात. तुडवलेल्या वाटेवर जमिनीला चिकटून पानं पसरणारी प्लांटॅगो मेजर तग धरते. फार चराई झाली की काटेरी आणि कडू झाडं उरतात. पण चराई साफ बंद केली तर उंच गवत माजून ठेंगण्या फुलझाडांचा उजेड खातं, हे चराईबंदीवाल्यांना पटवताना माझी पुरेवाट होते.

मोजणी दरवर्षी त्याच हंगामात, त्याच चौकटींत करा. कोपऱ्यांना खुंट्या नकोत, गुरं त्यांना अंग घासतात आणि तेवढीच जागा जास्त तुडवली जाते. लोखंडी खिळे मातीच्या पातळीपर्यंत ठोका आणि पुढच्या वर्षी मेटल डिटेक्टरनं शोधा.