‘गोळी घेणार नाही’ : बायपोलर (मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार) असलेल्या किशोरवयीन मुलाच्या आईवडिलांसाठी

नकार आला की लगेच समजावत बसू नका. नकार नेमका कशाला आहे ते आधी काढून घ्या, कारण प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा.

ताटावर, पाहुण्यांसमोर किंवा गोळीच्या वेळी हा विषय काढायचा नाही. शतपावली करताना किंवा स्कूटरवर, म्हणजे नजरेला नजर नसते तेव्हा, एकच प्रश्न विचारा : ‘गोळीचं सगळ्यात जास्त काय नकोसं वाटतं?’ मग गप्प राहा. ‘अरे पण डॉक्टर म्हणालेत ना’ हे ओठांवर येईल, ते गिळा. जे उत्तर मिळेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या.

उत्तरं साधारण ठरलेली असतात. ऑलान्झापिन या मूड आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाने भूक आणि वजन वाढतं. दर रविवारी सकाळी एकाच काट्यावर वजन करून नोंद ठेवा. रिस्पेरिडोन या तशाच औषधाने मुलींची पाळी चुकू शकते, मुलांची छाती वाढू शकते. हे मुलगा स्वतःहून कधीच बोलणार नाही, तेव्हा डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याने बोलू द्या. पाय एका जागी ठरत नाहीत, सारखी येरझारा चालू आहे, तर तो वांडपणा नसून औषधाचा परिणाम असू शकतो. पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. सकाळी क्लासमध्ये डोळे मिटत असतील तर रात्री साडेदहाचा डोस साडेआठला घेता येईल का, हे विचारा. डोस, वेळ किंवा औषध बदलून यातलं बरंच सुटतं.

‘मला काही झालेलंच नाही’ हे उत्तर सगळ्यात अवघड. तिथे आजाराच्या नावावरून वाद घालू नका. झोप, अभ्यास, मित्रांशी झालेली भांडणं, म्हणजे त्याला स्वतःला खटकणाऱ्या गोष्टींवर बोला. चढत्या मूडमधला उत्साह त्याला आवडलेला असतो आणि गोळी तो हिरावून घेते, हेही मान्य करून टाका.

वरणात किंवा दुधात गोळी मिसळू नका. एकदा कळलं की गोळीबरोबर घरच्या जेवणावरचाही विश्वास जातो. शिवाय सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. गोळी जिभेखाली दाबून नंतर बेसिनमध्ये थुंकली जात असेल तर तोंड उघडायला लावू नका. ऑलान्झापिनची तोंडात विरघळणारी गोळी मिळते, ती चालेल का विचारा. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट द्यायचा नाही.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर तपासणीसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी द्यायचं : रात्री 9 ला गोळी, तर सकाळी 9 ला रक्त, आणि सकाळचा डोस त्यानंतर. रक्तातली लिथियमची पातळी बहुधा 0.6 ते 1.0 mmol/L मध्ये ठेवतात. निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या किंवा आयब्युप्रोफेन (म्हणजे कॉम्बिफ्लॅमसुद्धा) यांनी ती वर जाते. हात जोरात थरथरणं, झोकांड्या, बोलणं अडखळणं दिसलं तर पुढची गोळी न देता थेट हॉस्पिटल गाठा. थांबवायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. अचानक बंद केलं की आजार उलटण्याचा धोका वाढतो.

साठा कुलपात ठेवा, बाहेर फार तर आठवड्याच्या गोळ्यांचा डबा. लिथियमचा जादा डोस जिवावर बेततो. मरणाची भाषा, सलग दोन रात्री झोप नाही, मारहाण : इथे चर्चा संपली, तातडीने दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि मोफत चालतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार अठरापर्यंत उपचारांची संमती पालक देतात. अठरा पूर्ण झाली की निर्णय त्याचा. म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षापासूनच आठवड्याचा डबा त्याला स्वतःला भरू द्या, तुम्ही शेजारी बसा.