मासे मेल्याचा फोन आला की पिशवीत काय काय

थर्मामीटर. आधी तो टाका, मग पुढचं वाचा. मागच्या वेळी नेमका तोच राहिला आणि बाकी सगळं नीट करूनही अर्ध्या आकड्यांचा अर्थ लावता आला नाही. नमुना बर्फात टिकतो, आम्लात टिकतो. ओढ्याचं तापमान कुठल्याच बाटलीत टिकत नाही. लाल रेघेचा, अल्कोहोलचा घ्या. पाऱ्याचा फुटला तर प्रदूषणात आपलीच भर.

हातमोजे, गमबूट, सोबत दुसरा माणूस: हे सांगायला नको. लेबलासाठी पेन्सिल, शाई ओल्यात पसरते.

बाटल्यांचा खोका कायम भरलेला ठेवा, फोन आल्यावर धूत बसायला वेळ नसतो. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली आणि नायट्रिक आम्ल, सामू (pH) 2 च्या खाली जाईल इतकं. अमोनिया आणि सीओडीसाठी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते) सल्फ्युरिक, तेही 2 च्या खाली. सायनाइडच्या बाटलीत मात्र आम्लाचा थेंबही नको: विषारी वायू सुटतो, तुमच्याच नाकाखाली. तिथे सोडियम हायड्रॉक्साइड, सामू 12 च्या वर. टोप्यांना वेगवेगळे रंग द्या, घाईत अदलाबदल होतेच. कीटकनाशकांसाठी 1 लिटरची गडद काचेची बाटली, टोपीला आतून टेफ्लॉन. ही बाटली आणि तेल-ग्रीसची बाटली ओढ्याच्या पाण्याने विसळायची नाही. तेल काचेला चिकटून राहतं आणि आकडा फुगतो. बीओडीसाठी (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते) आम्ल नाही, फक्त थंडी, आणि 48 तासांत प्रयोगशाळा. एका बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी नेऊन काठावर उघडा आणि बाकीच्यांसारखंच हाताळा. दोष बाटलीचा की ओढ्याचा, हे तिच्यावरूनच कळतं.

विरघळलेल्या ऑक्सिजनचं काम जागेवरच. मीटर असेल तर निघण्याआधी कॅलिब्रेट करा, सामूच्या मीटरला 7 चा आणि 4 किंवा 10 चा बफर (ठाऊक सामूचं द्रावण). तरीही विंकलरचा डबा (रसायनांनी ऑक्सिजन मोजायचा) न्या, बॅटरी नको तेव्हाच मान टाकते. 300 मिलीची बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, बुडबुडा एकही नको. मँगनीज सल्फेट 1 मिली, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड 1 मिली, बूच, उलटसुलट हलवणं. साका (खाली बसणारा गाळ) तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर ऑक्सिजन संपलेला. साका बसला की सल्फ्युरिक आम्ल 1 मिली, बाटली अंधारात, टायट्रेशन (थेंब थेंब रसायन घालून मोजणं) आठ तासांच्या आत. समजा, 7 मिलिग्रॅम प्रतिलिटर आलं. चांगलं की वाईट? 30 अंशांना ते जवळजवळ काठोकाठ भरलेलं पाणी (तिथे पाण्यात मावणाऱ्या ऑक्सिजनची मर्यादाच सुमारे 7.6), 15 अंशांना सत्तर टक्क्यांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर 7 हा नुसता सात.

अमोनियाचं तर त्याहून वाईट. प्रयोगशाळा एकूण अमोनिया देते. मासे मारतो त्यातला आयन न झालेला भाग, आणि तो किती हे सामू आणि तापमानावर ठरतं. एकूण 2 मिलिग्रॅम असेल तर 25 अंशांना सामू 7 वर विषारी भाग सुमारे 0.01, 8 वर 0.1, 9 वर 0.7. पहिल्यात मासे खुशाल पोहतील, तिसऱ्यात पालथे पडतील. बाटलीत तुम्हीच आम्ल घातलंय आणि तुम्हीच ती 4 अंशांना नेलीय, म्हणजे दोन्ही आकडे पुसले गेले. ते काठावर, त्याच जागी, त्याच मिनिटाला लिहायचे. थर्मामीटरचा फुगा पाण्यात बुडालेला असतानाच वाचा. बाहेर काढला की ओला फुगा वाऱ्याने थंड पडतो. मीटरवर तापमान दिसतं, मग वेगळा कशाला? बॅटरीचं वर सांगितलंच आहे.

जागा. मेलेले मासे दिसतात तिथे विष बहुधा उरलेलं नसतं, ते पुढे गेलेलं असतं. 10 मीटर मोजा, काटकी सोडा. 30 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.33 मीटर, तळ-काठाचं पाणी सावकाश म्हणून 0.85 ने गुणा, साधारण तासाला 1 किलोमीटर. मासे सहा तासांपूर्वी मेले असतील तर सहा किलोमीटर खाली शोधा. सांडपाणी सोडणाऱ्या संशयित नळाच्या वरच्या अंगाचा नमुना हवाच, नाहीतर 'पाणी वरूनच तसं येतं' हे उत्तर तयार असतं. खालून सुरुवात करून वर जा, तोंड प्रवाहाकडे, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. प्रत्येक ठिकाणी तापमान. प्रत्येक ठिकाणी.

मासे बघा, पण कल्ले पांढरे पडलेले नको, ते शिळे. तोंड उघडं, कल्ले फाकलेले आणि मोठे मासे आधी गेले तर ऑक्सिजनकडे बोट. हवेतून श्वास घेणारे मरळ-मागूरही मेले असतील तर विषाचा संशय धरा. रक्त आणि कल्ले तपकिरी असतील तर नायट्राइट. दगड उलटून कीटकांच्या अळ्या पाहा. त्यांना पळता येत नाही. कीटकनाशकासाठी मासा फॉइलमध्ये, बर्फात. ऊतींच्या तपासणीसाठी 10 टक्के फॉर्मलिनमध्ये, गोठवू नका.

ऑक्सिजन पहाटे, सूर्य उगवायच्या आत पुन्हा घ्या. दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडून खोटा दिलासा देतं. दोन दिवस उशीर झाला तर सडलेले मासेच ऑक्सिजन खातात आणि अमोनिया सोडतात, मग ते आकडे घटनेचे नाहीत.

उरलेलं: लेबल, सील, वेळ, सही, फोटो, बर्फ. नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला ते कागदावर. गाडीत बसण्याआधी वहीतला तापमानाचा रकाना बघा. एकही घर रिकामं असेल तर परत पाण्यात उतरा.