आई विसरते, पण चुकतो आपण: स्मृतिभ्रंश असलेल्या घरात या चुका टाळा

"ओळखा बघू, मी कोण?" भेटायला येणारा प्रत्येक जण आमच्या आईची ही तोंडी परीक्षा घ्यायचा. दोन-तीन महिन्यांत दार वाजलं की ती आतल्या खोलीत जाऊन बसायला लागली. आम्हाला वाटलं, आजार वाढला. खरं तर तिला चुकण्याची लाज वाटत होती. आता पाहुण्यांना आधीच सांगतो: आल्या आल्या स्वतःचं नाव आणि नातं सांगा, मग खुशाल गप्पा मारा.

सगळ्यात महागात पडते ती मुलांकडे राहण्याची पाळी. तीन महिने थोरल्याकडे, तीन धाकट्याकडे. भावाभावांत वाटणी सरळ होते, पण नवं लक्षात ठेवणं या आजारात लवकर जातं, आणि आपण म्हाताऱ्या माणसाला दर तीन महिन्यांनी संडासाची वाट नव्याने शिकायला लावतो. भावाच्या फ्लॅटमध्ये आई रात्री गॅलरीचं दार ओढत राहायची. 'पळून जाते' म्हणून त्याने कुलूप लावलं. आमच्या जुन्या घरात संडासाचं दार त्याच बाजूला होतं! पाळी लावायचीच तर मुलांनी तिच्या घरी येऊन राहावं. तेही जमत नसेल तर तिची खुर्ची, गोधडी, देव्हारा बरोबर न्या, संडासाचा दिवा रात्रभर चालू ठेवा.

संध्याकाळी 'घरात कोणी बाई आलीय' म्हणाली, तर वाद घालण्याआधी खिडकीची काच बघा. अंधार पडला की तीत स्वतःचंच रूप दिसतं. पडदा ओढा. काळं पायपुसणंही काढा, काहींना ते खड्ड्यासारखं दिसतं.

कानाचं मशीन कपाटात पडलंय का? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत ऐकू कमी येणं आणि एकटेपणा दोन्ही आहेत.

शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून आजार लपवू नका. आई एका सकाळी चौथ्यांदा साखर न्यायला गेली, तेव्हा वाण्याने फोन केला, कारण त्याला सांगून ठेवलं होतं. आणि हातातलं काम काढून घेऊ नका. मेथी निवडताना देठं पानांत जातात. जाऊ देत, नंतर गुपचूप पुन्हा निवडायची.

मात्र गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर घरात कारण शोधत बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं किंवा नवी गोळी, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन.