पाळणा लांबवायचाय? तांबी, अंतरा आणि नसबंदी यांतून निवडताना

पुढचं मूल हवंय का आणि हवं असल्यास किती वर्षांनी, हे आधी ठरवा. साधन त्यावरून ठरतं.

तीनेक वर्षांचं अंतर हवं असेल तर आमचा कौल तांबीला, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीला. सरकारी दवाखान्यात कॉपर-टी 380ए (10 वर्षं) आणि 375 (5 वर्षं) मोफत बसवतात. पहिल्या वर्षात 100 पैकी एकीपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात आणि काढल्यावर लगेच गर्भ राहू शकतो. पाळी सुरू झाल्यापासून 12 दिवसांत बसवून घ्या. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, ते हुकलं तर सहा आठवड्यांनी.

पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जातं, पोटात कळा येतात. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून कितीतरी जणी दोन महिन्यांतच तांबी काढून टाकतात. रक्त कमी असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. पाळीनंतर हात धुऊन योनीत बोट घालून तांबीचा धागा चाचपा. तो लागला नाही, लांबल्यासारखा वाटला किंवा कडक टोक लागलं, तर तांबी सरकली असू शकते. तपासणी होईपर्यंत निरोध वापरा. ताप, ओटीपोटात दुखणं, वास येणारा स्राव असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाळीत आधीच फार जात असेल तर हार्मोनची तांबी बरी, तिने रक्तस्राव घटतो. ती बहुतेक खासगीत मिळते, खर्च हजारांत.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. तसं केलं तर औषध लवकर शोषलं जातं आणि असर आधीच ओसरतो. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत पुढचा डोस घेता येतो. पाळी अनियमित होते, पुढे थांबतेही. रक्त आत साचत नाही, घाबरू नका. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागतात, म्हणून वर्षभरात मूल हवं असेल तर अंतरा नको. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळंतपणानंतर सहा आठवडे थांबावं.

मूल नकोच असेल तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. मात्र ती लगेच लागू होत नाही: तीन महिने निरोध वापरा, मग वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत हे पाहूनच तो सोडा.

सुरुवात आशाताईंपासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा. तांबीसाठी नवऱ्याची सही लागत नाही. तांबी काढून मागण्याचा हक्कही तुमचाच. "अजून मुदत आहे" असं कुणी म्हटलं तरी काढून द्यावीच लागते.