कांदोंब्लेतल्या पदव्या पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणताना या चुका टाळा

ब्राझीलच्या बाईया राज्यातल्या मुलाखती इंग्रजीत आणताना मी सगळ्यात जास्त अडले ती पदव्यांपाशी. कांदोंब्ले हा तिथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी जिवापाड जपलेला धर्म. त्यातल्या पदव्या आधी नाती सांगतात, अधिकार नंतर. हे ध्यानात न घेता शब्दाला शब्द ठेवत गेलं की माणसंच बदलून जातात.

पहिला घोटाळा ‘सांतू’ या शब्दाचा. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ संत, पण कांदोंब्लेच्या घरात, म्हणजे दीक्षितांच्या देवस्थानात, सांतू म्हणजे ओरिशा, म्हणजे दैवत. ‘पाय’ म्हणजे वडील, ‘मांय’ म्हणजे आई; घराच्या प्रमुखांना ‘पाय दे सांतू’ किंवा ‘मांय दे सांतू’ म्हणतात. ‘पाय दे सांतू’चं ‘होली फादर’ केलेलं मी वाचलं आहे. इंग्रजीत होली फादर म्हणजे पोप! ‘मांय दे सांतू’चं ‘मदर ऑफ द सेंट’ही तितकंच फसवं, कारण ही बाई दैवताची आई नव्हे. जन्माची आई वेगळी आणि दीक्षेतून लाभलेली आई वेगळी, एवढंच त्या ‘दे सांतू’ने सांगितलेलं असतं. ‘इर्मांव दे सांतू’ तर मराठी माणसाला लगेच कळावा: तो आपला गुरुबंधू. एकत्र दीक्षा घेणाऱ्या गटाला ‘बार्कू’, म्हणजे होडी, म्हणतात. तिथे ‘होडीतला भाऊ’ दिसला तर समुद्र शोधत बसू नका.

नावापुढचा ‘मांय’ तसाच ठेवा. आपल्या ‘ताई’चं ‘सिस्टर’ केलं की ती नन होते किंवा नर्स. ‘मांय’चं ‘मदर’ केलं की तीही मठात जाऊन बसते. नावातल्या ‘दे’ आणि ‘दू’कडेही नीट बघा. मांय स्तेला दे ओशोसी (1925–2018) यांच्या नावातला ओशोसी हा त्यांचा ओरिशा, तर मांय मेनिनिन्या दू गांतुआ (1894–1986) यांच्या नावातलं गांतुआ हे बाईयाच्या राजधानीतलं, साल्वादोरमधलं, त्यांचं घर. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ऑफ’ येतं, म्हणून पहिल्या उल्लेखात अर्ध्या वाक्यात खुलासा करा. मेनिनिन्या म्हणजे छोटी मुलगी, पण ते त्यांचं रूढ झालेलं नाव आहे. त्याचं भाषांतर करू नये.

सगळ्यांना सरसकट ‘प्रीस्ट’ म्हणणं ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. कोकणातल्या देवळाचा गुरव, घाडी, राऊळ आणि ज्याच्या अंगात अवसर येतो तो माणूस, या सगळ्यांना एकच शब्द वापरला तर गावकरी ऐकून घेईल का? कांदोंब्लेतही पहिला प्रश्न तोच: दैवत अंगात येतं की नाही? ज्याच्या येतं तो ‘रोदांते’. यंत्राने केलेल्या भाषांतरात हा माणूस ‘फिरणारा’ होतो. ‘एकेदी’ या स्त्रीच्या अंगात दैवत येत नाही. दुसऱ्यांच्या अंगात आलेल्या दैवताला ती सांभाळते, घाम पुसते, वस्त्रं नीट करते. तिला ‘मीडियम’ लिहिणं म्हणजे नेमकं उलटं लिहिणं. ‘असिस्टंट’ही नको, तिला घरात आईचा मान असतो. ‘ओगां’ हा पुरुष, त्याच्याही अंगात येत नाही. त्याला ‘ड्रमर’ म्हणून मोकळे होऊ नका. वाद्यांचा प्रमुख ‘अलाबे’ आणि बळी देणारा ‘आशोगुं’ हे दोघेही ओगांच. पोलिसांचा जाच असताना घराच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या वजनदार माणसांनाही हा मान दिला गेला, आणि त्यांतल्या अनेकांनी कधी ढोलाला हात लावला नसेल. बाईयात 1976 पर्यंत या घरांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागे, हे ठाऊक असलं की या पदवीचं वजन कळतं.

नुकती दीक्षा घेतलेला तो ‘इयावो’. योरुबा या पश्चिम आफ्रिकी भाषेत त्याचा मूळ अर्थ नववधू. पण पुरुषही इयावो असतो, म्हणून ‘वाइफ’ चालणार नाही. ‘नवदीक्षित’ अशा अर्थाचा शब्द घ्या आणि मूळ अर्थ एकदा सांगून टाका. सात वर्षांचा विधी झाला की तो ‘एबोमी’ होतो, म्हणजे ‘माझं थोरलं भावंड’. इथे वय दीक्षेपासून मोजतात. साठीच्या इयावोला तिशीची एबोमी थोरलीच, तेव्हा ‘ओल्ड वुमन’ लिहिण्याआधी दीक्षेचं साल तपासा.

‘बाबालोरिशा’ आणि ‘बाबालावो’ हे दिसायला जुळे, पण पहिला घराचा प्रमुख आणि दुसरा इफा या योरुबा पद्धतीने कौल लावणारा. कांदोंब्लेच्याच अंगोला परंपरेत तर दैवताला ओरिशा हा शब्दच नाही, तिथे ‘इंकीसी’. घरप्रमुख स्त्री ‘मामेतो’, पुरुष ‘ताता’. मजकूर सगळीकडे एकसारखा दिसावा म्हणून संपादक यांच्या जागी ‘इयालोरिशा’ (घरप्रमुख स्त्री) आणि ‘बाबालोरिशा’ घालायला सांगतात. ते मान्य करू नका. तसंच बाईयातल्या मजकुरात ब्राझीलचं लेखन काढून योरुबाचं घालू नका, नाहीतर वाचक साल्वादोर सोडून नायजेरियात पोचतो.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्यांदा मूळ शब्द उच्चारचिन्हांसह, लगेच आठ-दहा शब्दांत तो माणूस घरात काय करतो ते, आणि पुढे मूळ शब्दच. दोन अर्थांत अडकले की मुलाखत देणाऱ्या व्यक्तीलाच विचारते: तुमच्या घरात यांना हाक काय मारतात?