फेशिया समजून कापलेला धागा

फर्स्ट एमबीबीएसला आमचं मृतदेहाचं डिसेक्शन हातापासून सुरू झालं. फोरआर्मच्या (कोपर ते मनगट) दिवशी स्कालपेल माझ्याकडे होतं. बोटं वाकवणारा वरचा स्नायू, सुपरफिशियालिस, उचलला, तर त्याच्याखाली, प्रोफंडस या खोल स्नायूवर, एक पांढुरका धागा करंगळीच्या बाजूला तिरपा उतरत होता. पुस्तकातल्या चित्रात तिथे काहीच नव्हतं. मी तो फेशिया, म्हणजे स्नायूंभोवतीचा पातळ पडदा, समजून कापून टाकला आणि जागा स्वच्छ झाली म्हणून खूशही झालो. मॅडम आल्या, दोन्ही टोकं चिमट्यात धरली आणि विचारलं, "हा कुठून कुठे जात होता?"

एक टोक मीडियन नर्व्हला चिकटलेलं होतं, दुसरं करंगळीच्या बाजूच्या अल्नर नर्व्हला. म्हणजे या दोन नर्व्हमधला जोड, मार्टिन-ग्रुबर! मार्टिनने हा जोड १७६३ मध्ये सांगितला, ग्रुबरने १८७० मध्ये. शंभरातल्या साधारण पंधरा-वीस हातांत तो सापडतो, म्हणजे सात-आठ टेबलांच्या हॉलमध्ये तो बहुधा कुठेतरी असायचाच.

नवीन आलेल्यांना माझं सांगणं एवढंच, की दोन्ही टोकं सापडेपर्यंत कात्री चालवू नका. मीडियन कोपराजवळच्या प्रोनेटर टेरिस स्नायूच्या दोन डोक्यांमधून बाहेर पडली की तिथून खाली, अल्नर आर्टरीच्या (रोहिणीच्या) आसपास शोधा. कधी हा जोड मीडियनच्या अँटिरिअर इंटरऑसियस शाखेपासूनही निघतो. कात्रीची टोकं नर्व्हच्या लांबीच्या दिशेने उघडा, आडवी कधीच नको. फॉर्मालिनमधल्या देहात रिकामी शीर आणि बारीक नर्व्ह अगदी सारख्या दिसतात. बोटाखाली भरीव दोरीसारखी लागली तर नर्व्ह, दाबून चपटी झाली तर बहुधा शीर. फोटो काढायची परवानगी नसतेच, तेव्हा जर्नलमध्ये लगेच काढून ठेवा. चित्र वाईट आलं तरी चालेल, अंतरं मात्र लिहा.

हे सगळं व्हायवापुरतं (तोंडी परीक्षेपुरतं) आहे असं मलाही वाटायचं. पुढे इंटर्नशिपमध्ये नर्व्ह कंडक्शनच्या (नर्व्हला करंट देऊन संदेश नीट जातो का ते तपासायच्या) खोलीत एका रुग्णाची अल्नर तपासताना मनगटाशी करंट दिल्यावर करंगळीकडच्या स्नायूचा रिस्पॉन्स मोठा आला आणि कोपराखाली दिल्यावर लहान. "कंडक्शन ब्लॉक", म्हणजे संदेश वाटेत अडतोय, असं मी जवळजवळ लिहिलंच होतं. टेक्निशियन दादांनी काही न बोलता रिस्पॉन्स टिपणारा इलेक्ट्रोड त्याच स्नायूवर ठेवून कोपराशी मीडियनला करंट दिला. तोच स्नायू हलला. काही तंतू वर मीडियनमधून येऊन फोरआर्ममध्ये अल्नरला मिळत होते, त्यामुळे कोपराशी अल्नरला डिवचून ते हाती लागणारच नव्हते. आजार काहीच नव्हता.

तळहातातही अशा गमती आहेत. बेरेटिनीचा जोड, म्हणजे मीडियन आणि अल्नरच्या संवेदना नेणाऱ्या शाखांमधला, तर बहुतेक हातांत असतो. त्याला व्हेरिएशन (नेहमीपेक्षा वेगळी रचना) का म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही. रिश-कॅन्यू म्हणजे अंगठ्याच्या उंचवट्याकडे जाणारी मीडियनची शाखा आणि अल्नरची खोल शाखा यांचा जोड. हीच मीडियनची रिकरंट शाखा कधीकधी मनगटापुढचा जाड पडदा, फ्लेक्सर रेटिनॅक्युलम, भेदून जाते, आणि कार्पल टनेलच्या (मनगटात मीडियन दबण्याच्या) ऑपरेशनमध्ये तोच पडदा कापायचा असतो. सर्जरीत जायचं मनात असेल तर हिच्यासाठी एक दुपार खर्च करा.

त्या दिवशी कापलेली टोकं मॅडमनी मला लाल दोऱ्याने बांधून ठेवायला लावली. त्याच देहाच्या दुसऱ्या हातात तरी जोड नीट दाखवू म्हणून आम्ही दोन दिवस खपलो. तिकडे तो नव्हताच.