‘ब्लॅक पँथर’ पाहताना प्रतिनिधित्व आणि नीतिप्रश्न कसे तपासावेत

रायन कूगलर दिग्दर्शित ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) या चित्रपटावर लिहायचे किंवा गटात चर्चा करायची असेल, तर तो किमान दोनदा पाहावा. पहिल्यांदा कथा मनात मुरू द्यावी. दुसऱ्यांदा वही जवळ ठेवावी आणि कृष्णवर्णीय पात्रे किती, हे मोजत न बसता त्यांना काय काय करण्याची मुभा आहे, ते टिपावे. राज्य करणे, संशोधन करणे, थट्टा करणे, चुकणे, तत्त्वासाठी आपसांत भांडणे, हे सारे इथे त्यांच्याच वाट्याला आले आहे आणि माझ्या मते खरे प्रतिनिधित्व ते हेच.

मग वेशभूषा पाहावी. चित्रपटातला वाकांडा हा आफ्रिकी देश काल्पनिक असला, तरी सीमेवरच्या टोळीची पांघरुणे लेसोथोतील बासोथो लोकांच्या घोंगड्यांवरून घेतली आहेत, राणी रामोंडाचे शिरोभूषण झुलू विवाहितांच्या टोपीवरून बेतले आहे. या कामासाठी रूथ कार्टर यांना ऑस्कर मिळाले. मात्र वेगवेगळ्या समाजांच्या खुणा एकाच देशात आणल्याने काय साधते आणि काय पुसले जाते, हेही विचारावे.

नीतिप्रश्नासाठी संग्रहालयाचा प्रसंग थांबवून थांबवून पाहावा. काचेपलीकडच्या वस्तू तुमच्या पूर्वजांनी रास्त किंमत मोजून आणल्या का, असे वाकांडाच्या गादीवर हक्क सांगणारा किलमाँगर तिथल्या तज्ज्ञ बाईंना विचारतो. संभाषणात पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनचे नाव येते. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिनचा राजवाडा लुटला होता, हे ठाऊक असले की प्रश्नाची धार कळते. लंडनहून उसनी आलेली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यात ज्यांनी पाहिली, त्यांना ही धार वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पण त्याच वेळी त्या बाईंच्या हातातल्या कॉफीत विष कालवलेले असते. प्रश्न न्यायाचा आणि मार्ग खुनाचा, ही गाठ सोडवण्याची घाई करू नये.

शेवटी वाकांडाचा राजा टिचाला याच्या पूर्वजांच्या लोकातील दोन भेटी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्या भेटीत तो वडिलांपुढे गुडघे टेकतो. दुसऱ्या भेटीत, स्वतःच्या भावाला मारून त्याच्या पोराला, म्हणजे किलमाँगरला, अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये मागे टाकणाऱ्या त्याच वडिलांना, तुम्ही चुकलात, असे तोंडावर सांगतो. पुढे ओकलंडमधली ती खुनाची इमारत आणि शेजारच्या इमारती टिचाला विकत घेतो. ही भरपाई आहे की दान, या प्रश्नापासून गटातली चर्चा सुरू करावी.